तिला एकटीला दिसलेला पक्षी

माझी बायको पक्षी भुकेवरून ओळखते. पंखांचे रंग, चोचीची लांबी, पायांची ठेवण हे सगळं माझं खातं. मी पुस्तकात पान शोधेपर्यंत ती सांगून मोकळी झालेली असते की तो उंच पायांचा एकटाच जेवणारा आहे, आणि ते चपट्या चोचीचं बदक पहिल्या पंगतीला बसलं तरी शेवटची उठेपर्यंत हलायचं नाही. वीसेक वर्षं तिनं भोसरीत खानावळ चालवली. खोली भाड्यानं घेऊन राहणारे कामगार आमच्या वरच्या मजल्यावर जेवायला यायचे. "कुणाच्या पोटात किती जागा हाय ते मला जिना चढतानाच कळायचं," असं ती म्हणते, आणि त्यात बढाई अजिबात नाही.

मी क्वालिटीतला माणूस. तिथून जवळच एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग तपासण्यात माझी नोकरी गेली. हातात मापं तपासायचं गेज आणि समोर तीन क्रेट. बरोबर असेल तो भाग हिरव्यात, दुरुस्त होण्यासारखा पिवळ्यात, आणि जराही शंका आली की लाल. शंका घेऊन विचार करत बसायला वेळ नसायचा. चुकीचा एक तुकडा हिरव्यात गेला तर पुढे गिऱ्हाइकाची अख्खी लाईन थांबते, आणि मग फोन येतो तो मलाच. त्यामुळे हात आपोआप लालकडे जायचा. हाताला लागलेलं वळण डोक्यालाही लागतं, हे मला फार उशिरा कळलं.

आम्ही दोघंही मूळचे लातूरकडचे. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, पण त्यातली एकत्र किती गेली हे विचारू नका. मी तिसऱ्या पाळीहून यायचो तेव्हा तिची सकाळच्या डब्यांची धांदल. ती दुपारी घटकाभर पाठ टेकायची तेव्हा मी दुसऱ्या पाळीला निघालेलो. भांडायलाही निवांतपणा लागतो, तो आमच्या वाट्याला आला नाही. लोक म्हणायचे, किती गुण्यागोविंदानं नांदतात. आम्ही भेटत होतो कुठे?

मग मी निवृत्त झालो, तिचा गुडघा दुखायला लागला म्हणून खानावळ बंद झाली, आणि एका घरात दिवसभर दोन माणसं दिसायला लागली. लेक हिंजवडीत नोकरीला आहे. तिनं एक दुर्बीण आणून दिली आणि म्हणाली, "एकमेकांचं डोकं खाण्यापेक्षा बाहेर जाऊन पक्षी बघा." डिसेंबरातल्या एका रविवारी स्कूटरवर बसून आम्ही पहिल्यांदा त्या पाण्यावर गेलो.

चाकणच्या पुढे कारखान्यांची शेवटची भिंत संपते, मग काही वेळ नुसती मोकळी जमीन, विकायला काढलेल्या प्लॉटचे दगड, आणि मग धरणाचा फुगवटा. त्याचा एक कोपरा पक्ष्यांसाठी राखीव आहे. वनखात्याची हिरवी पाटी, तारेचं फाटक, आत चिखलातून जाणारी पायवाट आणि काठावर बांबूच्या तट्ट्यांचा आडोसा. त्या आडोशात बसायला एक लाकडी बाक आहे, एका बाजूला जरा खचलेलं. मी खचलेल्या बाजूला बसायचो, ती दुसऱ्या. तिचा गुडघा तसा सरळ राहायचा.

हिवाळा उतरणीला लागला की तिथली सकाळ उजाडता उजाडत नाही. धुकं पाण्यातून निघतं आणि पाण्यावरच बसून राहतं. मागच्या रस्त्यावरून नव्या गाड्या लादलेले ट्रेलर जातात, त्यांचा घरघराट येतो, पण धुक्यातून येता येता तो कुठेतरी मऊ होतो. पाण्याची कड कुठे आणि आभाळ कुठे ते कळत नाही. त्यातच एखादी टिबुकली बुडी मारते आणि नुसती वर्तुळं उरतात. इतकी वर्षं पाळ्यांमध्ये मोडलेली झोप माझ्या अंगात अजून साठून आहे, ती तिथे हळूच वर यायची. मी जागा असायचो आणि नसायचो. शेजारी ती काहीतरी हलक्या आवाजात बोलत असायची आणि मला वाटायचं, आपण गावाकडच्या एसटीत आहोत, खिडकी उघडी आहे आणि उतरायचं ठिकाण अजून लांब आहे. इतकं सुख मला त्याआधी कधी झालं होतं ते आठवत नाही.

फाटकावर एक राखणदार आहे. गावातलाच, साठीच्या पुढचा, कानटोपी आणि वर कंपनीचं जुनं जॅकेट. धरण झालं तेव्हा त्याच्या घरची जमीन पाण्याखाली गेली. त्याला ते पाणी पाणी म्हणून दिसतच नाही. पहिल्याच दिवशी त्यानं हात लांब करून आम्हाला सगळं दाखवलं होतं.

"त्यो बगळा बसलाय न्हवं, ती आमची हीर. त्याच्या अलीकडं चुलत्याचं वावर. आन ती बदकं पोहत्यात ना राव, ती आमच्या ज्वारीत हायेत."

"ज्वारी असायची इथं?" मी विचारलं.

"व्हय तर. आत्ता बी हायेच की. तुमाला दिसत न्हाई येवढंच."

माझी बायको त्याच्या बोटाच्या रोखानं बघत राहिली आणि म्हणाली, "दिसतंय की." तेव्हापासून त्या दोघांचं जमलं. मला काही दिसलं नव्हतं, पण उन्हं वर आल्यावर धुकं फाटलं आणि पाण्याच्या तळाशी बांधाची एक सरळ रेघ खरंच दिसली. माघात पाणी ओसरायला लागलं तसे ते बांध एकेक करून वर आले. ओल्या गाळावर पट्टकादंब उतरायचे. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात. बायको त्यांना वऱ्हाड म्हणायची. सगळे एकदम बसतात, एकदम उठतात, आणि कुणी मागे राहिलं तर त्याच्या नावानं हाका मारत राहतात.

आता माझ्या रजिस्टराबद्दल सांगायला हवं, कारण सगळं बिघडलं ते तिथे.

पक्षी बघायचे म्हटल्यावर मी एक जाड वही घेतली आणि पट्टीनं रकाने आखले. तारीख, वेळ, पक्षी, संख्या, शेरा. शेऱ्यात हिरवी, पिवळी किंवा लाल खूण. दोघांनी पाहिलं तर हिरवी. मी पाहिलं पण पुस्तकात खात्री करायची राहिली तर पिवळी. लेक एकदा घरी आली तेव्हा वही चाळून खूप हसली. म्हणाली, "बाबा, पक्ष्यांनाही पास-नापास करता?" मी म्हटलं, शिस्त हवी. बायको पोळ्या लाटत होती.

जानेवारी संपतानाची गोष्ट. आम्ही आडोशात बसलो होतो. मी दूरच्या बांधावरचे चक्रवाक मोजत होतो. तेवढ्यात तिनं माझ्या दंडाला हात लावला.

"अहो, इकडं बगा. बुडख्याला. गवताच्या खाली."

"थांब, तेवीसपर्यंत आलोय."

"लहान हाय हो. धावायलाय, थांबायलाय. गळ्याला निळं हाय, मधी तांबडा टिपका. शेपूट उचलायलाय बगा."

मी पंचवीस मोजून दुर्बीण वळवली. गवत होतं, चिखल होता, त्याच्यावर बारीक पावलांचे ठसे होते. पक्षी नव्हता.

ती सांगत होती तो शंकर नावाचा पक्षी असणार, हे मला लगेच कळलं. थंडीत येतो, पाणगवताच्या बुडाशी लपून राहतो, क्षणभर बाहेर येतो आणि आत जातो. त्या पाण्यावर तो आम्हाला तोवर दिसला नव्हता. आम्ही पाऊण तास वाट पाहिली. ती वाट बघण्यातही खुश होती, सारखी सांगत होती, किती निळा होता, कसा मान वाकडी करून बघत होता. "खाताना चोर हाय तो," म्हणाली. "एक घास घेतो आणि मागं बघतो." मी ऐकत होतो आणि मनात रकाने भरत होतो. निरीक्षक एकच. दुर्बीण नव्हती. वेळ तीन-चार सेकंद. उजेड कमी.

घरी येऊन मी वहीत लिहिलं: शंकर, एक. मग हात आपोआप हलला. कंपनीत नोंद रद्द करायची एक पद्धत असते. खाडाखोड करायची नाही, वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारायची आणि शेजारी छोटी सही करायची, म्हणजे रद्द कुणी केलं ते कळतं. मी लाल पेनानं रेघ मारली, शेऱ्यात 'पडताळणी नाही' लिहिलं आणि सही केली. त्यात मला काही गैर वाटलं नाही. उलट चहा पिताना मन स्वच्छ होतं.

तिनं ती वही कधी पाहिली ते मला माहीत नाही. पुढच्या रविवारी म्हणाली, गुडघा दुखतोय, तुम्ही जाऊन या. त्याच्या पुढच्या रविवारी शेजारणीकडे पूजा होती. मी एकटा गेलो. बाकाच्या खचलेल्या बाजूला बसलो, कारण दुसरी बाजू तिची होती. धुकं तसंच होतं, हंस तसेच होते, राखणदारानं "वहिनी न्हाई आल्या?" असं विचारलं. मला डुलकी आली नाही. दोन तास मी टक्क जागा होतो आणि काहीच दिसलं नाही असं वाटत होतं, वहीत मात्र अठरा जाती लिहिलेल्या होत्या.

त्या दिवशी घरी येऊन मी सहज वही उघडली आणि लाल रेघ माझ्या डोळ्यांसमोर आली. तिच्यावर पिठाचा अस्पष्ट ठसा होता, बोटाचा. तेव्हा मला उमगलं.

चांगला माणूस काय करेल? जाऊन बायकोची माफी मागेल. मी काय केलं, तर पडताळणी करायची ठरवली. मनात म्हटलं, एकदा आपल्याला तो शंकर दिसला की प्रश्न मिटला. पुढच्या रविवारी मी उजाडायच्या आत जाऊन गवताच्या बुडख्याकडे दुर्बीण लावून बसलो. हंस काय करत होते ते पाहिलं नाही. हात भरून आले, मान आखडली. आणि उन्हं तिरपी पडली तेव्हा तो आला. दोन उड्या मारून बाहेर आला, गळ्यावरचं निळं एकदम पेटलं, शेपूट उचललं, एक घास घेतला आणि मागं बघितलं. अगदी तिनं सांगितल्यासारखं. मी ओरडायचाच बाकी होतो.

स्कूटर भन्नाट हाणत घरी आलो. ती भाजी निवडत होती. मी चप्पलही न काढता वही उघडली, नव्या हिरव्या पेनानं नोंद केली आणि तिच्यापुढे धरली.

"तुझा शंकर! दिसला! ओके झाला बघ."

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. वहीकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"तुम्हाला दिसला म्हणून झाला व्हय ओके?"

"अगं, म्हणजे तू बरोबर होतीस."

"मी बरोबर हुते ते मला त्याच दिवशी माहीत हुतं," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही माझ्या डोळ्यावर तांबडी रेघ मारली अन् खाली सही केली. आज तुमच्या डोळ्याला दिसलं म्हणून हिरवी मारायलाव. माझ्या डोळ्याचं काय?"

ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती शांतपणे पुन्हा मेथी निवडायला लागली. त्या रात्रीच्या जेवणापर्यंत आम्ही दोघं मिळून दहा शब्द बोललो असू, त्यातले निम्मे मिठाबद्दल होते. लेकीला फोन करून मी सगळं सांगितलं, थोडं माझ्या बाजूनं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आईचं ऑडिट करता. कायम करत आलात." मी फोन ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. मला लाज वाटत होती, आणि लाजेच्या खाली भीती होती. फाल्गुन तोंडावर आला होता. ऊन तापलं की हंस जाणार, बदकं जाणार, पाणी आटणार. त्यांच्याबरोबर आमचं ते बाकावर बसणंही गेलं तर? तर आम्ही पुन्हा एका घरातली दोन पाळ्यांमधली माणसं होणार होतो, आणि ह्या वेळी पाळी कुणी लावली हे मला माहीत होतं.

तरी मी रविवारी गेलो. एकटाच. फाटकावर राखणदारानं तंबाखू मळता मळता सांगितलं, "वहिनी बुधवारी येऊन गेल्या की. मागच्या बुधवारी बी. थालीपीठ आणलं व्हतं, लय ग्वाड."

मी म्हटलं, "हो, माहीत आहे." खोटं बोललो. निवृत्तीनंतर घरी बसवेना म्हणून हल्ली तळवड्याला एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी आठवड्यातून तीन दिवस तपासणीला जातो, सकाळी सातला निघतो. बुधवार त्यातलाच. म्हणजे मी घराबाहेर पडलो की ती निघत होती. भोसरीहून चाकणला बस, चाकणहून गावापर्यंत वडापची जीप, आणि पुढे तो दुखरा गुडघा घेऊन चिखलातली पायवाट. माझ्याबरोबर स्कूटरवर बसून यायला गुडघा दुखत होता. माझ्याशिवाय यायला दुखत नव्हता.

त्या दिवशी मी दुर्बीण डोळ्याला लावलीच नाही. हंस गाळावर उभे होते, त्यांच्यामधून पाण्याची वाफ वर जात होती, आणि राखणदाराचे बांध आता पूर्ण उघडे पडले होते, काळे, ओले, चौकोनी. त्या चौकोनांवरून माझी बायको चालत येताना मला दिसली. अर्थात ती घरी होती. ऊन डोळ्यावर आलं तसं सगळं विरघळलं. मी उठलो.

बुधवारी मी नेहमीसारखा सातला निघालो. डबा घेतला, ओळखपत्र गळ्यात घातलं. मोशीपर्यंत जाऊन थांबलो, वर्कशॉपमध्ये फोन करून येत नाही म्हणून कळवलं, चहा घेतला, मग आणखी एक घेतला. तिला आधी पोहोचू द्यायचं होतं. गेल्यावर काय बोलायचं ते पाठ करत होतो आणि प्रत्येक वाक्य निवेदनासारखं होत होतं. शेवटी निघालो तर चाकणच्या चौकात एक लांब ट्रेलर वळणावर अडकलेला. चारी बाजूंनी हॉर्न, कंपन्यांच्या बसगाड्या, मध्ये मी. तास गेला. दोन बसगाड्यांच्या फटीतून आभाळाचा एक पट्टा दिसत होता. तो निळा आणि रिकामा होता, आणि मला उगीच घाबरल्यासारखं झालं.

पोहोचलो तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते. राखणदार फाटकाला टेकून उन्हाला उभा होता. पाठ पाण्याकडे, कानटोपी खाली ओढलेली. नुसतं "हायेत आत" म्हणाला. मी पायवाटेनं गेलो आणि आडोशाच्या अलीकडेच थांबलो. गाळ रिकामा होता. सगळे चौकोन, सगळे बांध, एकही हंस नाही. पिसं पडलेली होती आणि ठशांनी गाळ भरून गेला होता.

ती बाकावर बसली होती, नेहमीच्या बाजूला. माझा गणवेश आणि गळ्यातलं ओळखपत्र बघून म्हणाली, "आज कामाला नाही?"

"नाही."

"बसा."

मी खचलेल्या बाजूला बसलो. पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. दोघंही त्या मोकळ्या गाळाकडे बघत होतो. मग म्हणालो, "वऱ्हाड गेलं?"

"गेलं. आत्ताच. घटका झाली असंल."

"सांग ना."

तिनं एकदा माझ्या खिशाकडे बघितलं. पेन होतं, वही नव्हती. मग तिनं पदर नीट केला आणि सांगायला लागली.

"आधी एक उभा राहिला. खाणं सोडून, मान वर करून. मग त्याच्या शेजारचा. मग सगळेच. मला वाटलं कुत्रं आलं काय की. पण भेलेलं जनावर असं उभं राहत नाही. लेक सासरी निघाली म्हंजी घर कसं गप्प हुतंय, तसं गप्प झाले बगा. एक सुदिक खात नव्हता. मी पण हातातला घास तसाच धरला. अन् एकदम उठले. त्यांच्या मागं पाणी असं उभं राहिलं. माझ्या डोक्यावरनं गेले, पंखांचा वारा लागला मला, खरंच लागला. एक फेरा घेतला. परत एक घेतला. मला वाटलं, उतरायलेत, कुणाचं तरी काही राहिलंय. नाही उतरले. तिसऱ्या फेऱ्याला रांग धरली अन् त्या डोंगराकडं गेले. दिसायचे बंद झाले तरी आवाज येत हुता. लई वेळ येत हुता."

ती बोलत होती आणि मी तिच्याकडे बघत होतो. इतक्या वर्षांत ती माझ्याशी एका दमात इतकं बोलल्याचं मला आठवत नव्हतं. कदाचित बोलली असेल, आणि मी कामावर असेन. प्रश्न माझ्या तोंडापर्यंत आले होते, ते सगळे. किती होते, किती वाजले होते, डोंगराच्या कुठल्या बाजूला. मी ते गिळले. सवयीचा माणूस आहे, गिळताना त्रास झाला.

"विचारा की," ती म्हणाली.

"काय?"

"किती हुते. किती वाजले हुते. अजून कुणी बघितलं."

"अजून कुणी बघितलं नाही," मी म्हटलं. "मी चाकणच्या चौकात अडकलो होतो."

"मग?"

"मग काय. तू सांगितलंस ना. माझं चुकलं गं. त्या दिवशीच चुकलं होतं."

ती गुडघा चोळत राहिली. गाळावर एक धोबी शेपटी हलवत आला आणि हंसांच्या ठशांमधून काहीतरी टिपायला लागला. मला वाटलं, आता ती उठणार आणि घरी चला म्हणणार, आणि तेवढं झालं तरी पुष्कळ होतं. पण ती माझ्याकडे वळली.

"आवाज कसा येत हुता ते ऐकायचंय?"

"ऐकव."

तिनं डोळे मिटले. दोन्ही तळवे तोंडापाशी धरले. इतकी वर्षं वरच्या मजल्यावरून खालच्या लोकांना जेवायला हाका मारलेला तो आवाज, जरा फाटलेला, आता नाकातून निघाला. एक हाक, मग थोडी थांबून तिला उत्तर देणारी दुसरी, लांबची. मग एक मागे राहिलेल्याची, घाईची. मग सगळ्यांची मिळून, बारीक होत जाणारी. रिकाम्या गाळावरून ती हाक पलीकडे गेली.

फाटकापाशी राखणदार झटकन वळला आणि कानटोपी वर सारून आभाळात शोधायला लागला. ती इथे माझ्या शेजारी बसली आहे हे मला माहीत होतं. तरीही, खरं सांगतो, मीही वर बघितलं.